कडवट दाणा थुंकून टाकावा

शेंगदाणे खाताना एखादा कडवट दाणा दाताखाली येतो आणि सगळे तोंड कडू होते. "थुंकून टाक, गिळू नकोस," असे घरातील वडीलधारी माणसे सांगत. लहानपणी आम्हाला ही नुसती चवीची गोष्ट वाटे. पुढे वाचनात आले, की बुरशी लागलेल्या दाण्याचा संबंध थेट यकृताच्या कर्करोगाशी आहे. प्रत्येक कडू दाण्यात विष असतेच असे नाही. उलट विष असलेला दाणा चवीला कडू लागेलच असेही नाही. म्हणूनच हा विषय जिभेवर सोडून चालत नाही.

या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की जातीचे सुमारे एक लाख पक्षी पटापट मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याची पेंड दोषी निघाली. पेंडीवर वाढलेल्या 'ॲस्परजिलस फ्लेव्हस' या बुरशीने ते विष तयार केले होते. आपल्या देशानेही याची किंमत मोजली आहे. 1974 मध्ये अवेळी पावसात मका भिजला. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागातल्या गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच मका खाल्ला, कारण घरात दुसरे धान्य नव्हते. कावीळ झाली, पोटात पाणी साचले आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. गावातली कुत्रीही मेली.

हे झाले एकदम झालेल्या विषबाधेचे. पण रोज थोडे थोडे विष पोटात गेले तर? या प्रश्नामागे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे संशोधक जॉन ग्रूपमन यांनी अनेक दशके घालवली. अडचण अशी होती, की कोणी किती विष खाल्ले हे माणसाला विचारून कळत नाही. यकृतात या विषाचे रूपांतर होते आणि ते पेशीतील डीएनएला चिकटते. त्याचा काही भाग तुटून लघवीवाटे बाहेर पडतो. ग्रूपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच भाग मोजण्याची पद्धत विकसित केली. माणूस काय खाऊन बसला आहे, याची साक्ष आता त्याचे शरीरच देऊ लागले.

चीनमधील शांघाय शहरात 18,244 पुरुषांचे रक्त आणि लघवीचे नमुने आधीच जपून ठेवले होते. पुढे ज्यांना यकृताचा कर्करोग झाला, त्यांचे नमुने इतरांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. अफ्लाटॉक्सिनच्या खुणा असलेल्यांना धोका सुमारे 3 पट दिसला. हिपॅटायटिस-बी विषाणू शरीरात असलेल्यांना सुमारे 7 पट. दोन्ही असलेल्यांना मात्र तो 10 किंवा 20 पट नव्हता, तर जवळजवळ 60 पट होता! विष आणि विषाणू एकत्र आले, की एकमेकांना असे बळ देतात.

चीनमधलाच किडोंग हा भाग यकृताच्या कर्करोगासाठी कुप्रसिद्ध होता. तेथील लोकांचे मुख्य अन्न मका. 1980 च्या दशकात हाती पैसा आला, बाजार खुला झाला आणि ताटात मक्याच्या जागी तांदूळ आला. शरीरातील अफ्लाटॉक्सिन झपाट्याने घटले आणि पुढील काळात या कर्करोगाचे मृत्यूही बरेच कमी झाले. कोणतेही महागडे औषध न देता, केवळ धान्य बदलल्याने हे घडले. पण बांसवाड्याच्या कुटुंबांना धान्य बदलण्याची सोय नव्हती, हेही विसरता कामा नये. हा आजार गरिबीचाही आहे.

आपल्या घरात शेंगदाण्याचा कूट रोज लागतो, लाल मिरची वर्षभराची भरली जाते. रमजानात अंजीर आणि पिस्तेही येतात. या सगळ्यांना ही बुरशी लागू शकते. म्हणून दाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, बुरसटलेले बाजूला काढावेत. भाजल्याने किंवा शिजवल्याने हे विष पूर्ण जात नाही, तेव्हा "भाजून घेऊ, चालेल" असे म्हणू नये. धान्य कडक उन्हात वाळवून कोरड्या डब्यात ठेवावे. पावसाळ्यात लागेल तेवढेच आणावे. खराब दाणे म्हशीला किंवा शेळीलाही घालू नयेत, कारण विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपलीच मुले पितात.

दुसरे काम लसीचे. हिपॅटायटिस-बीची लस बाळ जन्मल्यापासून 24 तासांच्या आत, आणि पुढे 6, 10 व 14 आठवड्यांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. काही घरांत अजूनही "बाळाला ताप येईल" म्हणून डोस टाळला जातो. एका रात्रीचा ताप उतरतो. यकृताचा कर्करोग मात्र बहुधा उशिराच कळतो, तेव्हा उपाय फारसे हाती उरत नाहीत.

साठ पटींचा हा हिशेब आपल्याला उलटाही वाचता येतो. दोन शत्रूंपैकी एकाला जरी दारातच अडवले, तरी दुसऱ्याचे बळ बरेच कमी होते. दाणे निवडणारे हात आणि लसीचे कार्ड जपून ठेवणारी आई हे काम करू शकतात.