रिसीव्हर फिल्टर (हॅम रेडिओ)

रिसीव्हर फिल्टर हा हॅम अर्थात हौशी रेडिओच्या ट्रान्सीव्हरमधील एक घटक आहे. तो हवा असलेला संदेश पुढे जाऊ देतो आणि लगतच्या वारंवारतांवरील संदेश अडवतो. क्रिस्टल फिल्टर व डिजिटल फिल्टर हे त्याचे प्रमुख प्रकार होत.

बँडविड्थ

फिल्टरची निवड प्रथम संदेशाच्या प्रकारावरून केली जाते. सिंगल साइडबँड पद्धतीच्या संभाषणासाठी सुमारे २.४ किलोहर्ट्‌झ, तर मोर्स संकेतांसाठी ५०० हर्ट्‌झ बँडविड्थ सामान्यतः पुरेशी असते. संभाषणासाठी १.८ किलोहर्ट्‌झचा फिल्टर वापरल्यास शेजारचा अडथळा घटतो. मात्र आवाजातील उच्च वारंवारता कापल्या गेल्याने व्यंजने अस्पष्ट होतात. मोर्ससाठी फार अरुंद फिल्टर वापरल्यास निनाद निर्माण होऊन ठिपके व रेषा एकमेकांत मिसळू शकतात.

आकार गुणांक

फिल्टरची ६० डेसिबल क्षीणनाची रुंदी भागिले ६ डेसिबल क्षीणनाची रुंदी म्हणजे आकार गुणांक. या रुंदी अनुक्रमे ४.८ व २.४ किलोहर्ट्‌झ असल्यास गुणांक २ येतो. तो १ च्या जितका जवळ, तितका फिल्टरचा उतार तीव्र असतो.

रूफिंग फिल्टर

पहिल्या मिक्सरनंतर लगेच बसवलेल्या फिल्टरला रूफिंग फिल्टर म्हणतात. शेजारच्या प्रबळ संदेशामुळे पुढील प्रवर्धकावर अतिभार आल्यास निर्माण होणारी विकृती नंतरच्या डिजिटल फिल्टरला दूर करता येत नाही. त्यामुळे स्पर्धेच्या गर्दीत क्षीण संदेश ऐकण्यासाठी अरुंद रूफिंग फिल्टर उपयुक्त ठरतो. तुरळक वर्दळीत त्याची गरज कमी भासते.