गाठ कोणती, हे सांगणारे सेकंद

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'लिव्हरमध्ये गाठ' एवढे शब्द दिसले की घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. कॅन्सरचं नाव कुणी काढत नाही, पण प्रत्येकाच्या मनात तेच असतं. खरं तर यकृतात योगायोगानं सापडणाऱ्या पुष्कळशा गाठी निरुपद्रवी असतात. कुणाला पाण्याची गाठ असते, कुणाला हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुच्छ. काही मात्र खरोखर घातक असतात. यातली कोणती कुठली, हे ठरवण्याचं काम बऱ्याचदा सीटी स्कॅनकडे येतं.

सीटी शरीराच्या प्रत्येक कणाला घनतेचा आकडा देतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या ब्रिटिश अभियंत्याच्या नावानं तो मोजतात. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास आणि निरोगी यकृत साधारण ५५ ते ६०. पाण्याची गाठ शून्याजवळ भरते आणि शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध, दिलं तरी उजळत नाही. तिचा निकाल तिथेच लागतो. अवघड असतात त्या घन गाठी. त्यांचा आकडा यकृताच्या आकड्याला इतका खेटून असतो की साध्या स्कॅनमध्ये त्या लपूनही राहतात.

त्यांना उघडं पाडते यकृताची एक खासियत. या अवयवाला दोन वाटांनी रक्त मिळतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल व्हेनमधून येतं, उरलेलं धमनीतून. यकृतातच उपजणारा कॅन्सर, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, आपलं पोषण मुख्यतः धमनीकडून घेतो. म्हणून धमनीतलं औषध पोहोचताच तो उजळतो, तेव्हा भोवतालचं यकृत अजून फिकंच असतं. थोड्या वेळानं पोर्टल व्हेनचं रक्त येऊन यकृत उजळतं आणि गाठीतलं औषध ओसरून ती काळवंडते. रेडिओलॉजिस्ट याला 'वॉशआउट' म्हणतात.

ही वेळ गाठायची कशी, ते कंट्रोल रूममध्ये पाहावं. दंडाच्या शिरेत जाड कॅन्युला असते. इंजेक्टर सेकंदाला तीन ते पाच मिलिलीटर वेगानं आयोडीनयुक्त औषध ढकलतो. रुग्णाच्या अंगात ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते. पडद्यावर टेक्निशियननं महाधमनीवर एक छोटं वर्तुळ आखलेलं असतं. त्यातला आकडा चढत जातो, ठरलेली मर्यादा ओलांडतो, 'श्वास घ्या, रोखून धरा' असा आवाज येतो आणि टेबल सरकतं. पहिली फेरी औषध सोडल्यापासून साधारण ३५ ते ४० सेकंदांनी, दुसरी ७०च्या आसपास, तिसरी तीन ते पाच मिनिटांनी. अशा तीन फेऱ्यांच्या स्कॅनला ट्रिपल फेज म्हणतात. पहिल्या फेरीत दहा सेकंद इकडेतिकडे झाले, तर नेमकी तीच गाठ निसटू शकते.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी झाला, तेव्हा डोक्याच्या एकेका छेदाला काही मिनिटं लागत. त्या गतीनं धमनीची वेळ साधणं अशक्यच होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्पायरल सीटी आला, १९९८च्या सुमारास एकाच वेळी चार छेद घेणारी यंत्रं आली. आता अख्खं यकृत एका श्वासात टिपता येतं.

प्रत्येक गाठीची चाल वेगळी. हिमँजिओमा आधी कडेला, तुटक ठिपक्यांनी उजळतो आणि मग सावकाश आतपर्यंत भरत जातो. आतड्यातून पसरून आलेल्या कॅन्सरच्या गाठी बहुधा दुसऱ्या फेरीत, उजळ यकृतावर काळसर डागांसारख्या दिसतात. गळवाची भिंत उजळते आणि आतला पू काळा राहतो. कुत्र्या-मेंढ्यांमार्फत येणाऱ्या हायडॅटिड गाठीच्या पोटात लहान लहान गाठी दिसतात.

सिरोसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात आधी उजळणं, मग ओसरणं आणि पुरेसा आकार हे सगळं जुळलं, तर तुकडा न काढताही कॅन्सरचं निदान मान्य होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं २०११मध्ये आणलेल्या 'लाय-रॅड्स' पद्धतीत याला पाचवी श्रेणी देतात. सुईमुळे होणारा रक्तस्राव आणि गाठीच्या पेशी वाटेत सांडण्याचा धोका यामुळे टळतो. निरोगी यकृताला मात्र हा नियम लावत नाहीत. तिथे तशीच चाल दुसऱ्या गाठीचीही असू शकते.

सीटीलाही मर्यादा आहेत. सेंटिमीटरहून लहान गाठीबद्दल तो अनेकदा ठाम बोलू शकत नाही. तिथे एमआरआय अधिक सांगतो. प्रत्येक फेरीबरोबर किरणोत्सर्गाची मात्रा वाढते, म्हणून गरज नसलेली फेरी घेऊ नये. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन पाहायचं, अ‍ॅलर्जी विचारायची, हे तर आलंच.

म्हणूनच चिठ्ठीवर नुसतं 'पोटाचा सीटी' लिहून भागत नाही. लिव्हरसाठी ट्रिपल फेज हवा, सिरोसिस आहे, पूर्वी आतड्याचं ऑपरेशन झालंय, ताप येतोय, हे डॉक्टरांनी लिहावं आणि रुग्णानं जुन्या फिल्म सोबत न्याव्यात. दोन वर्षांपूर्वीही गाठ तेवढीच होती, हे त्या फिल्मवरून कळलं तर नवी तपासणी टळू शकते. यंत्र कितीही वेगवान झालं, तरी कोणता प्रश्न विचारायचा हे आपणच ठरवतो, आणि तो नीट विचारला तर बहुतेक घरांतली ती भीती एका दुपारीत दूर होऊ शकते.