जुलैत टाकी का वाहिली? ट्रान्झिस्टरच्या चार अवस्था

बदलापूरला आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी मागच्या पावसाळ्यात दोनदा भरून वाहिली. ती वाहू नये म्हणून मीच तिथे एक सर्किट बसवलं होतं. उल्हासनगरहून आणलेला बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा रिले आणि टाकीच्या तोंडाशी सोडलेल्या दोन स्टीलच्या सळ्या, एवढाच पसारा. पाणी सळ्यांपर्यंत चढलं की त्यातून बेसला करंट मिळतो, ट्रान्झिस्टर चालू होतो, रिले ओढला जातो आणि पंप बंद. एप्रिल-मेमध्ये काही तक्रार नव्हती. जुलैत पंप थांबेना. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अरे, तू ट्रान्झिस्टरवरच पीएचडी करतोयस ना?"

ट्रान्झिस्टर बदलून पाहिला, तरी तेच. म्हणजे ट्रान्झिस्टर जळला नव्हता, भलत्याच अवस्थेत अडकला होता.

एनपीएन ट्रान्झिस्टरमध्ये दोन सांधे असतात: बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर. प्रत्येक सांधा डायोडसारखा, फॉरवर्ड किंवा रिव्हर्स. दोन सांध्यांच्या मिळून चार जोड्या होतात, आणि त्याच या चार अवस्था. बाहेरून ट्रान्झिस्टर तोच दिसतो. सांध्यांवर किती व्होल्टेज पडलंय त्यावर त्याचं वागणं ठरतं.

दोन्ही रिव्हर्स म्हणजे कट-ऑफ. सळ्या कोरड्या, करंट जवळजवळ शून्य, रिले सुटलेला. यात सांगण्यासारखं फारसं नाही.

बेस-एमिटर फॉरवर्ड आणि बेस-कलेक्टर रिव्हर्स असेल तर ती ॲक्टिव्ह अवस्था. एमिटरमधून निघालेले इलेक्ट्रॉन पातळ बेसमध्ये शिरतात आणि बहुतेक सगळे पलीकडे कलेक्टरकडे ओढले जातात. कलेक्टरचा करंट इथे बेसच्या करंटच्या साधारण ठरावीक पट असतो. या पटीला बीटा म्हणतात. आपण २०० धरू. ॲम्प्लिफायर इथेच चालतो. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ महाशिवरात्रीच्या जत्रेत कर्णे ऐकले असतील, तर आवाज फाटणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर चढवला की लहरींचे शेंडे छाटले जातात, कारण त्या क्षणी ट्रान्झिस्टर ॲक्टिव्ह अवस्था सोडून एका टोकाला सॅच्युरेशनमध्ये आणि दुसऱ्या टोकाला कट-ऑफमध्ये जातो.

सॅच्युरेशन म्हणजे दोन्ही सांधे फॉरवर्ड. परीक्षेत इथे हमखास गोंधळ होतो. "सॅच्युरेशन" ऐकून करंट कमाल मर्यादेला पोचला असं वाटतं. तसं नाही. बाहेरच्या सर्किटमधून जेवढा करंट येऊ शकतो तेवढा येतोय, आणि बेसला त्याच्या गरजेपेक्षा जास्त मिळतोय, एवढंच. बीटाचा हिशोब इथे लागू नाही. कलेक्टर-एमिटरमध्ये जेमतेम ०.२ व्होल्ट उरतात, म्हणून ट्रान्झिस्टर चालू केलेल्या बटणासारखा वागतो.

आता गच्चीवर चला. रिलेची कॉइल ४०० ओहमची, म्हणजे तिला १२ व्होल्टवर ३० मिलीअँपिअर लागतात. उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी जास्त, त्यात क्षार भरपूर. सळ्यांमधला रोध २० किलोओहम धरा. बेसला ११.३ भागिले २०,००० म्हणजे सुमारे ०.५७ मिलीअँपिअर मिळाले. त्याची २०० पट ११४ होते, पण कॉइल ३० पेक्षा जास्त येऊच देत नाही. झालं सॅच्युरेशन. पावसाळ्यात टाकीत सगळं नदीचं पाणी, क्षार कमी. रोध ११० किलोओहम झाला की बेसला ०.१०३ मिलीअँपिअर आणि कलेक्टरला साधारण २०.५. कॉइलवर ८.२ व्होल्ट, उरलेले ३.८ ट्रान्झिस्टरवर. असे रिले ओढायला साधारण ९ व्होल्ट तरी लागतात. म्हणजे ट्रान्झिस्टर चालू होता, पण अर्धवट, ॲक्टिव्ह अवस्थेत! शिवाय सॅच्युरेशनमध्ये त्यात ६ मिलीवॉट उष्णता होते, इथे ७८. बीसी५४७ एवढं सहन करतो; मोठ्या करंटच्या सर्किटमध्ये याच चुकीने ट्रान्झिस्टर जळतात.

तुमच्याकडे असं काही झालं तर आधी मल्टिमीटर कलेक्टर-एमिटरवर लावा. ०.२ च्या आसपास दिसलं तर सॅच्युरेशन, १२ दिसलं तर कट-ऑफ, मधलंच काही दिसलं तर बेसला करंट कमी पडतोय. (मी हे सगळ्यात शेवटी केलं.)

चौथी अवस्था उलटी: बेस-कलेक्टर फॉरवर्ड, बेस-एमिटर रिव्हर्स. पाय उलटे जोडले की ती भेटते. एमिटरमध्ये मुद्दाम जास्त डोपिंग केलेलं असतं, कलेक्टरमध्ये नसतं, म्हणून उलट्या दिशेने बीटा फारच कमी मिळतो. तरी ही अवस्था निकामी नाही; जुन्या टीटीएल चिपमध्ये सगळे इनपुट हाय असताना पहिला ट्रान्झिस्टर याच अवस्थेत असतो. एबर्स आणि मॉल यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या समीकरणांत चारही अवस्था एकत्र बसतात. माझ्या प्रबंधाची सुरुवात तिथूनच होते.

दुरुस्ती सोपी होती. स्विच म्हणून वापरताना बेसला कलेक्टरच्या एक दशांश करंट द्यावा असा ढोबळ नियम आहे. इथे तो ३ मिलीअँपिअर होतो, आणि तेवढा पाण्यातून मिळणार नाही. म्हणून आधी आणखी एक बीसी५४७ लावून डार्लिंग्टन जोडी केली. आता दोन बीटांचा गुणाकार मिळतो, ०.१ मिलीअँपिअरसुद्धा पुरतो. जोडीवर ०.२ ऐवजी पाऊण-एक व्होल्ट राहतो, पण रिलेला तरीही ११ मिळतात. सळ्यांमधून सतत एकाच दिशेने करंट जातो, त्यामुळे एक सळई काळी पडू लागली आहे. ती दिवाळीच्या सुट्टीत बदलायची आहे.