आडनाव न विचारणारी सभा

मे 1935. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातल्या मेफ्लॉवर हॉटेलात न्यूयॉर्कहून आलेला बिल विल्सन येरझाऱ्या घालत होता. ज्या व्यवहारासाठी आला तो फिसकटला होता आणि समोर बार होता. दारू सुटून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. त्याने बारकडे पाठ केली आणि चर्चच्या पाद्र्यांना फोन लावायला सुरुवात केली. मागणी एकच: मला दारूच्या आहारी गेलेला एखादा माणूस गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून त्याची गाठ पडली सर्जन डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, बसले सहा तासांच्या वर. विल्सनने उपदेश केला नाही, स्वतःचीच कहाणी सांगितली. 10 जून 1935 रोजी डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो.

मुंबई-पुण्यात किंवा कोल्हापूर-नाशकात आज संध्याकाळी जी मीटिंग भरते, ती याच सहा तासांची वंशज आहे. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या संस्थेची मागची खोली, अशी कुठलीही जागा चालते. दीड तासाच्या आत-बाहेर सगळं आटोपतं. सुरुवातीला संस्थेची ओळख वाचली जाते, दारूतून बाहेर पडण्यासाठी ए.ए.ने आखलेल्या बारा पायऱ्यांपैकी एखादी घेतली जाते, मग शेअरिंग. माणूस उठतो, पहिलं नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि बोलू लागतो: पगाराचं पाकीट, बायकोचं मंगळसूत्र, मुलाच्या शाळेत पिऊन गेलेला दिवस. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, खोदून विचारत नाही. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी हेच घडलेलं असतं, म्हणून सांगणाऱ्याला खोटं बोलावं लागत नाही. घरात, ऑफिसात, डॉक्टरांपुढेही वर्षानुवर्षं ‘दोनच घेतले’ म्हणणारा माणूस इथे खरा आकडा सांगतो. माझ्या मते या संस्थेचा सगळा जीव एवढ्यातच आहे.

बाकीची रचना या खरेपणाला जपण्यासाठी आहे. आडनाव नाही, त्यामुळे जातही नाही आणि हुद्दाही नाही. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, सभासद जमेल तेवढे टाकतात आणि भाडं-चहा त्यातूनच निघतो. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायचीच नाही, हा दंडक आहे. देणग्यांवर मोठ्या झालेल्या संस्थांचं पुढे काय होतं हे आपण पाहिलेलं आहे, म्हणून हा दंडक मला फार मोलाचा वाटतो. सभासद होण्याची अटही एकच, दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असलीच पाहिजे असं नाही. ‘स्लिप’ झालेला, म्हणजे सोडून पुन्हा प्यायलेला माणूस परत आला तरी त्याला खुर्ची मिळते.

देवाचं नाव पायऱ्यांमध्ये येतं आणि तिथे अनेकजण अडखळतात. ‘आपल्याला उमगेल तसा’ अशी मोकळीक शब्दांतच ठेवलेली आहे, तरी नास्तिकाला ते जड जातं हे खरं आहे. दुसरीकडे, ए.ए.चा मार्ग म्हणजे निव्वळ भाबडेपण नाही याला आधार आहे. 2020 साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 27 अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं तपासली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याकडे वळवणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, बऱ्याचदा सरस ठरले.

मात्र एक गोष्ट मीटिंग करू शकत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरणं, झटके, भास असा त्रास होऊ शकतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र त्यासाठीच आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते उभं केलं. उपचार संपवून घरी गेलेल्यांना मुक्तांगणही गटांमधून धरून ठेवतं आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ चालवतं.

मीटिंग शोधायची तर ए.ए.च्या भारतातल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर गावानुसार यादी असते. 14446 या सरकारी नि:शुल्क मदतक्रमांकावर किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारलं तरी वाट कळते. निघण्याआधी फोन करून वेळ आणि भाषा विचारावी. मराठी, हिंदी, इंग्रजी असे गट वेगवेगळे असतात, आणि मराठीत विचार करणाऱ्याला आपलं दुःख इंग्रजीत मांडायला लागू नये. ‘ओपन’ मीटिंगला घरच्यांना किंवा नुसतं बघायला आलेल्यालाही बसता येतं, ‘क्लोज्ड’ फक्त ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. एखाद्या गटात मन रमलं नाही तर दुसरा पाहावा, गटागटाचा स्वभाव निराळा असतो. बायकांनी शक्य असेल तिथे स्त्रियांचा गट आहे का ते विचारावं. पिणाऱ्या बाईला आपला समाज पिणाऱ्या पुरुषापेक्षा कितीतरी कठोरपणे वागवतो, आणि पुरुषांनी भरलेल्या खोलीत तिचं तोंड उघडत नाही.

आणि पिणारा यायला तयारच नसेल, तर घरच्यांनी त्याच्यासाठी थांबू नये. मद्यपींच्या नातलगांसाठी अल-अनॉन 1951 पासून आहे. तिथे जायला नवऱ्याची, मुलाची किंवा बापाची संमती लागत नाही.