१४२ कैदी सोडवणारे संगीत

डिसेंबर लागला, की युरोप-अमेरिकेतील कितीतरी सभागृहांत आणि चर्चमध्ये एक रचना हमखास गायली जाते. तिचे नाव 'मसाया'. रचनाकार जॉर्ज फ्रेडरिक हँडल. नाताळच्या पाश्चात्त्य अभिजात संगीतात तिचा मान मोठा आहे. परंतु कष्टकऱ्यांच्या घरात ती ऐकली जावी, याला आणखी एक कारण आहे. ते म्हणजे तिचा इतिहास.

हँडल जन्माने जर्मन. वडील त्या काळच्या रीतीप्रमाणे न्हावी आणि शस्त्रवैद्य. मुलगा लंडनला स्थायिक झाला. १७४१ साली अवघ्या २४ दिवसांत त्यांनी ही रचना लिहून काढली. चार्ल्स जेनेन्स यांनी तिचे शब्द बायबलमधून निवडले होते.

पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरात झाला. त्या काळी कर्ज थकले, की गरिबाला तुरुंगात टाकीत. आत गेला, की कमाई बंद. कमाई बंद, मग कर्ज फिटायचे कसे? प्रयोगाच्या उत्पन्नाचे तीन वाटे झाले. दोन वाटे दोन रुग्णालयांना, तर तिसरा या कैद्यांसाठी. जागा पुरावी म्हणून स्त्रियांनी झग्याखालची कडी न घालता आणि पुरुषांनी तलवारी न लावता यावे, अशी विनंती करण्यात आली. सुमारे ७०० लोक आले. त्या पैशातून १४२ कैदी कर्जमुक्त होऊन घरी गेले.

पुढे १७५० पासून लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या टाकून दिलेल्या मुलांच्या आश्रमासाठी दरवर्षी प्रयोग होऊ लागले. १७५९ साली हँडल वारले. मृत्युपत्राने त्यांनी रचनेची एक प्रत या आश्रमाला दिली.

दुसरी बाजूही झाकू नये. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे शेअर्स १७२० साली हँडल यांच्या नावावर होते. कैद्यांना सोडवणाऱ्या संगीतकाराचा पैसा माणसे विकणाऱ्या धंद्यातही होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता ऐकावे कसे? पूर्ण रचना अडीच तासांच्या आसपास आहे. तिचे तीन भाग आहेत. नाताळचा विषय पहिल्या भागात येतो, म्हणून सुरुवात तेथून करावी. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. मेंढपाळांच्या वाद्यांची आठवण करून देणारा, गाण्याविना वाजणारा एक संथ तुकडा त्यात आहे. तो लहान मुलांना आवडेल. प्रसिद्ध 'हॅलेलूया' समूहगान दुसऱ्या भागाच्या शेवटी आहे. ते सुरू होताच अनेक ठिकाणी श्रोते उभे राहतात.

मोबाईलवर ही रचना फुकट मिळते. सुटीच्या दिवशी घरच्यांना जवळ बसवून ऐका. आणि मुलांना त्या १४२ कैद्यांची हकीकत अवश्य सांगा.