आधी घराची किल्ली

हेलसिंकीतल्या अल्पिकातू रस्त्यावर साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेचा बेघरांसाठी सुमारे 250 खाटांचा निवारा होता. 2012 साली त्याच इमारतीत जवळपास 80 स्वतंत्र घरं उभी राहिली.

फिनलंडने 2008 पासून बेघरांना घर देण्याच्या योजनेचा जुना क्रमच उलटा केला. आधी दारू सोडा, नोकरी शोधा, मग घर, ही अट गेली. भाडेकरार रहिवाशाच्याच नावावर होतो. भाडंही तोच भरतो, गरज असेल तर सरकारी गृहभत्त्याच्या आधाराने. अशा इमारतींत समाजसेवकही असतात. औषधोपचार, थकलेली कर्जं, सरकारी कागदपत्रं, सगळ्यात ते मदत करतात. योजनेचं खरं बळ या सोबतीतच आहे, कारण वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला मिळालेलं घर टिकवणं फार अवघड जातं.

हेलसिंकीत 1985 मध्ये निवाऱ्यांत आणि वसतिगृहांत 2,121 जागा होत्या. 2016 मध्ये 52 उरल्या.