हा ‘हो’ कोणत्या प्रश्नाचा?

पडद्यावर धुळे जिल्ह्यातल्या एक आजी. डॉक्टर विचारतात, “छातीत दुखतं का?” उत्तर येत नाही. म्हणून ते पुढचा प्रश्न विचारतात, “गोळ्या रोज घेता ना?” तेवढ्यात ऐकू येते, “हो.” हा ‘हो’ कशाचा? गोळ्यांचा असेल तर ठीक. छातीत दुखण्याचा असेल तर ताबडतोब ईसीजी काढायला हवा. ‘ई-संजीवनी’मुळे 2020 पासून रुग्णाला घरबसल्या डॉक्टर भेटू लागला. त्यामुळे आवाज कोणत्या वाटेने येतो, हा प्रश्न आता आरोग्याचाही झाला आहे.

आजींचा मोबाइल एका कंपनीचा, डॉक्टरांकडचे फायबर दुसऱ्या कंपनीचे. एकात माहिती रेडिओलहरींवर धावते, दुसऱ्यात प्रकाशावर. ही वेगळी जाळी जिथे एकमेकांना जोडतात, त्या जागेला इंटरनेट एक्स्चेंज म्हणतात.

पाचोरा–जामनेरची ‘पीजे’ आठवा. तिचे रूळ 762 मिलिमीटरचे, मुंबईच्या मार्गाचे 1,676 मिलिमीटरचे. डबे एका रुळावरून दुसऱ्यावर जाणे शक्यच नव्हते. पण जामनेरचा प्रवासी पाचोऱ्याला गाठोडे घेऊन उतरे आणि मोठ्या गाडीत बसे. गाडी बदले, गाठोडे तेच राही. इंटरनेटवरही माहितीचे गाठोडे आणि त्यावरचा पत्ता तोच राहतो. वाहून नेणारे साधन तेवढे बदलते.

हे पूर्वी इतके सोपे नव्हते. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या एक्स्चेंजमध्ये एफडीडीआय, एटीएम आणि इथरनेट अशी निरनिराळी तंत्रे होती. एफडीडीआयवर 4,352 बाइटचे गाठोडे जाई, इथरनेटवर 1,500चे. मोठ्या वाघिणीतला माल लहान वाघिणीत भरताना फोडावा लागतो, तसेच ते होते. पुढे स्वस्त आणि वेगवान झालेले इथरनेटच बहुतेक ठिकाणी रुळले. आज प्रत्येक कंपनी आपल्या घरात काहीही वापरो, एक्स्चेंजच्या दारात सगळ्यांची भाषा एक असते.

दार जवळ असणेही तितकेच महत्त्वाचे. भारतातल्याच दोन कंपन्यांमधली माहिती पूर्वी अनेकदा परदेशातून फिरून येई. हे टाळण्यासाठी 2003 मध्ये ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या केंद्रांत मुंबई होती.

हिशेब साधा आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जळगावहून मुंबईमार्गे धुळ्याला आवाज पोहोचायला चार-पाच मिलिसेकंद पुरतात. तोच अमेरिकेला वळसा घालून आला, तर निव्वळ अंतरापोटी किमान 125 मिलिसेकंद जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार, संभाषण सहज व्हायचे तर एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. वळशातच बहुतेक मुभा संपली, तर यंत्रांना उरते काय?

अर्थात, गावातला कमकुवत सिग्नल कोणत्याही एक्स्चेंजने सुधारत नाही. म्हणून पडद्यावर बोलताना एक पथ्य पाळा. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर नुसत्या ‘हो’ने नव्हे, पूर्ण वाक्यात: “हो डॉक्टर, छातीत दुखतंय.” मग उत्तर उशिरा पोहोचले तरी चुकीच्या प्रश्नाला चिकटणार नाही.